सत्तर अक्षरांची सोबत

मराठीत तलफ येते. आठवण येते, रडू येतं, झोप येते, तशीच तलफ येते. ‘मला तलफ आली’ असंच सगळे म्हणतात. तलफ करणारा कर्ता आपल्या वाक्यात नसतोच. ती बाहेरून येते आणि आपण घरात बसलेले असतो. जी येते ती जातेही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हरखून गेले. कारण व्यसन सोडू पाहणाऱ्याला मानसशास्त्र जे मोठ्या कष्टाने शिकवतं, ते आपल्या रोजच्या बोलण्यात आधीपासून बसलेलं आहे.

अमेरिकेत सिअ‍ॅटलला ॲलन मार्लाट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं आयुष्य व्यसनांच्या अभ्यासात गेलं. तलफ ही लाटेसारखी असते, असं ते सांगत. ती उठते, चढते, माथ्यावर येते आणि फुटते. तिच्याशी कुस्ती खेळायची नाही, तिच्या पाठीवर बसून तिला ओसरू द्यायचं. बहुतेक वेळा हा सगळा खेळ काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात आटोपतो. मग अवघड काय आहे? अवघड एवढंच, की तलफ येते तेव्हा डॉक्टर समोर नसतो. दवाखान्याची वेळ सकाळी दहाची आणि तलफेची रात्री सव्वादोनची. पण सव्वादोनला उशाशी एक वस्तू नक्की असते. मोबाइल.

रोज, भरपूर गांजा ओढणाऱ्या तरुण मुलांना मोबाइलवरून सोबत करता येईल का, हा प्रश्न गेली दहा-पंधरा वर्षं काही संशोधक फार मन लावून सोडवत आहेत. त्यांचं काम वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारखं एकच गाव येत होतं, परंडा.

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा तालुका. इतिहासात परंड्याचं नाव निघतं ते किल्ल्यामुळे आणि तोफेमुळे. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, पंचावन्न टनांची मानली जाणारी ‘मलिक-ए-मैदान’ तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती. 1632 मध्ये ती इथून विजापूरला नेली आणि आज ती तिथल्या बुरुजावर आहे. जिल्ह्याचं ठिकाण इथून बार्शीमार्गे साठ-सत्तर किलोमीटर. म्हणजे मनाच्या डॉक्टरला गाठायचं तर एसटी, अख्खा दिवस, आणि ‘कुठं चाललास रे?’ या प्रश्नाला द्यायचं उत्तर, तिन्ही हाताशी हवं.

समजा, इथलाच एक मुलगा. वय तेवीस. दोन वर्षं पुण्यात अभ्यासिकेत बसून आला, आता गावात राहून पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे ग्राउंडवर सोळाशे मीटर पळायचं आणि रात्री मित्रांबरोबर एका आडोशाला बसायचं. आधी आठवड्यातून एकदा दम मारायचा, मग एकाआड एक दिवस, मग रोज, मग दिवसातून तीन-चारदा. पुडी कुठे मिळते हे त्याला माहीत आहे. बंद कशी करायची हे कुणी सांगितलेलं नाही. सोळाशे मीटरमधल्या शेवटच्या चारशेला छाती भरून यायला लागली तेव्हा त्याने स्वतःशीच ठरवलं, आता बास.

आज तिसरी रात्र. घराच्या माळवदावर गोधडी टाकून तो पडलाय. डोळा लागत नाही. अंगाला बारीक घाम, डोक्यात कुणावर तरी खेकसावं असा राग, जेवण तर संध्याकाळीही गेलं नाही. मित्राचा नंबर फोनमध्ये पहिलाच आहे. एवढ्यात उशाशी फोन थरथरतो. पडद्यावर एक ओळ: ‘झोप नाही आली तरी चालेल. पाणी पी. दहा मिनिटांनी परत विचारतो.’

हा प्रसंग मी कल्पलेला आहे. पण त्यामागची यंत्रणा कल्पनेतली नाही.

तिची सुरुवात पेजरपासून झाली. 1970च्या दशकात शिकागोत मिहाय चिक्सेंटमिहायी आणि रीड लार्सन या दोघांनी शाळकरी मुलांच्या कमरेला पेजर लावले. दिवसभरात कधीही ते वाजत. वाजला की मुलाने हातातल्या वहीत लिहायचं: आत्ता कुठे आहे, कुणाबरोबर आहे, काय करतोय, मनात काय चाललंय. तोवर माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल विचारायचं म्हणजे ‘गेल्या महिन्यात कसं वाटलं?’ असं विचारायचं. त्यावर माणूस जे सांगतो तो त्याच्या आठवणीने शिजवून वाढलेला पदार्थ असतो. पेजरने कच्चा क्षण हातात दिला. पुढे मोबाइल आले आणि या पद्धतीला पंख फुटले.

बोस्टनच्या बाल रुग्णालयात डॉ. लिडिया श्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच कल्पना गांजासाठी वापरली. पद्धतीचं नाव ठेवलं ‘मोमेंट’, म्हणजे क्षण. मुलंमुली 15 ते 24 वयाची, आठवड्यातून अनेकदा गांजा ओढणारी. आधी समुपदेशकाबरोबर दोन बैठकी. त्यात मुलगा स्वतःच शोधून काढायचा की आपल्याला नेमकं कशाने ओढ लागते: एकटेपणा, भांडण, ठरावीक मित्र, कंटाळा. मग दोन आठवडे फोन दिवसातून अनेकदा, वेळ न सांगता, विचारायचा: आत्ता कुठे आहेस? सोबत कोण? ओढावंसं किती वाटतंय? उत्तरात त्याने स्वतःच सांगितलेलं एखादं कारण डोकावलं, की तत्क्षणी एक छोटा संदेश यायचा. तू सोडायचं का ठरवलंस, आणि अशा वेळी काय करणार होतास, याची आठवण करून देणारा.

2014 मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले. सहभागी अगदी थोडे होते, पंचवीस-तीस. त्यामुळे ढोल वाजवायचं कारण नाही. पण ओढ लावणाऱ्या त्याच त्या प्रसंगी इच्छेचा जोर कमी झालेला दिसला आणि गांजाविना गेलेले दिवस वाढले. मला यातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो संदेशाच्याही आधीचा. ‘ओढावंसं किती वाटतंय?’ या प्रश्नाला आकडा देण्यासाठी माणसाला क्षणभर स्वतःच्या बाहेर येऊन उभं राहावं लागतं. सवयीने हात खिशाकडे जात असतो, त्याच्या आणि पुडीच्या मध्ये एक श्वास घुसतो. मोजल्याने वागणं थोडं बदलतं, हे मानसशास्त्राला जुनं ठाऊक आहे. खर्च लिहून ठेवायला लागलं की हात आखडतो, हा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक गृहिणीला आहे.

टेनेसीच्या मायकेल मेसन यांनी वेगळ्या बाजूने हात घातला. त्यांनी आधी मुलांच्या मैत्रीचा नकाशा मांडला. जवळचे मित्र कोण, त्यातले कोण ओढतात, कोण नाही, आणि तू कुठल्या जागी जास्त वेळ घालवतोस? मग चार आठवडे, एक दिवसाआड, त्याच नकाशावर बेतलेले संदेश. उद्या संध्याकाळी कुणाला भेटणार आहेस? त्याच्याऐवजी कुणाला भेटता येईल? आपल्या ‘कट्टा’ या शब्दात जागा आणि माणसं एकदमच येतात. परंड्यासारख्या गावात कट्टा बदलणं ही काही छोटी गोष्ट नाही. सगळं गाव मिळून चार-पाच कट्टे. एक सोडला की मुलगा थेट घरात येऊन पडतो, आणि घरात त्याच्याशी बोलायला विषय नसतो.

आता तिसऱ्या रात्रीकडे परत येऊ, कारण तिसरी रात्र का वाईट असते त्याचं उत्तर फार सुंदर आहे.

गांजात नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. तो 1964 मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळा केला. मग प्रश्न पडला, एका झुडपातल्या रसायनाला माणसाच्या मेंदूत बसायला जागा कशी मिळते? 1988 मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जागा दाखवली. मेंदूच्या पेशींवर टीएचसी नेमकं बसेल अशी खुंटी असते, तिला सीबी-वन म्हणतात. पण निसर्ग काही गांजाची वाट बघत खुंट्या ठोकून ठेवणार नाही. म्हणजे शरीर स्वतःच असं काही तयार करत असलं पाहिजे. 1992 मध्ये जेरुसलेमला मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं. त्याला नाव काय द्यायचं? तिथल्या संशोधकांनी संस्कृतात हात घातला आणि शब्द उचलला, आनंद. ‘आनंदामाइड’. तेव्हापासून जगभरच्या औषधशास्त्राच्या पुस्तकांत आपला हा शब्द छापला जातोय.

हा शरीराचा घरचा आनंद भूक, झोप, भीती, स्मरण या सगळ्यांचा आवाज कमी-जास्त करत असतो. आता रोज, भरपूर, बाहेरून टीएचसी आत यायला लागलं की मेंदू काय करतो? खुंट्या काढून घेतो. इतका गोंगाट नको म्हणून ऐकणारे कानच कमी करतो. म्हणून तीच पुडी आधीसारखी किक देत नाही आणि माणूस दोन ओढायला लागतो. आणि एके दिवशी तो थांबला, की बाहेरचा माल बंद, घरचा आनंद तुटपुंजा आणि खुंट्याही कमी. त्यातून येतात निद्रानाश, चिडचिड, भूक मरणं, अस्वस्थपणा, आणि झोप लागलीच तर भडक, घाबरवणारी स्वप्नं. हे पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात माथ्यावर जातं आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत उतरतं. ‘गांजा सोडल्यावर काही होत नाही, ते तर झाडपाल्याचं आहे’ असं सांगणारे मित्र बरेच भेटतात. त्यांच्यावर विसंबलेल्या मुलाला तिसऱ्या रात्री वाटतं, मलाच काहीतरी झालंय. तो घाबरतो आणि सकाळी परत ओढतो.

त्याला त्या रात्री एवढंच कळायला हवं असतं, की हे ठरल्याप्रमाणे चाललंय. येल विद्यापीठातले डॉ. दीपक सिरिल डिसूझा आणि सहकाऱ्यांनी गांजाची सवय जडलेल्या पुरुषांच्या मेंदूंची छायाचित्रं घेतली. ओढणं चालू असताना खुंट्या कमी होत्या. सोडल्यावर दोनच दिवसांत त्या परत यायला लागल्या. त्याआधी 2012 मध्ये दुसऱ्या एका गटालाही सुमारे चार आठवड्यांत त्या पूर्वपदावर आलेल्या दिसल्या होत्या. म्हणजे आपला परंड्याचा मुलगा माळवदावर कुशी बदलतोय, शिव्या घालतोय, आणि त्याच रात्री त्याच्या डोक्यात दुरुस्ती सुरू झालेली आहे! त्याला ती दिसत नाही. कुणीतरी सांगावी लागते, तीही दिवसा व्याख्यानात सांगून उपयोग नाही. रात्री सव्वादोनलाच सांगावी लागते.

आता त्या संदेशाकडे जवळून बघू. मी हे करून पाहिलं. चार दिवस वही घेऊन बसले आणि अशा मुलासाठी मराठीत संदेश लिहीत गेले.

पहिली अडचण जागेची. साध्या एसएमएसला 160 अक्षरांची मर्यादा असते. ती ठरवली फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने, 1985 मध्ये. बॉनमधल्या घरी टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं लिहून त्याने अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं 160च्या आत बसली, म्हणाला, पुरे. पण हा हिशेब रोमन लिपीचा. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला फोनच्या पोटात जास्त जागा लागते, त्यामुळे मराठी एसएमएस एका दमात 70 खुणांचाच जातो. आणि फोन मात्रा वेगळी मोजतो, अनुस्वार वेगळा मोजतो. ‘मिनिटांनी’ हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, फोन नऊ मोजतो. माळवदावरची ती ओळ मी मोजली, रिकाम्या जागा आणि पूर्णविराम धरून 59 भरली. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी मर्यादा नाही हे खरं, पण एसएमएस नेट पॅक संपलेल्या फोनवरही पोचतो आणि बटणांच्या फोनवरही.

दुसरी अडचण मला आधी सुचलीच नव्हती. ‘परत विचारतो’ की ‘परत विचारते’? मराठीत ‘मी’ बोलला की तो पुरुष आहे की बाई हे क्रियापदातच कळतं. इंग्रजी संदेश लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. आपल्याला मात्र पहिल्या ओळीत ठरवावं लागतं, की या मुलाच्या उशाशी रात्री कोण बसलंय, दादा की ताई? आणि त्याला म्हणायचं काय? ‘आपण’ म्हटलं तर बँकेचा संदेश वाटतो, तो न वाचताच पुसला जाईल. ‘तुम्ही’ म्हटलं तर सरकारी. ‘तू’ म्हटलं तर जवळीक, पण अनोळखी यंत्राने अरेतुरे केलेलं तेवीस वर्षांच्या मुलाला खटकणारच. यावर मला एकच रस्ता दिसतो: पहिल्याच भेटीत त्यालाच विचारायचं, ‘तुला काय म्हणू? आणि तुझ्याशी कोण बोललेलं आवडेल?’

तिसरी गोष्ट मात्र अडचण नाही, देणगी आहे. व्यसनाच्या समुपदेशनात विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये एक पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर ती फुलवली. तिचं सूत्र असं, की माणसाला ढकलायचं नाही. बदलावंसं त्याला का वाटतंय ते त्याच्याच तोंडून निघू द्यायचं. ‘सोड’ म्हटलं की तो सोडायच्या विरुद्ध बाजूचा वकील होतो. आता मराठी बघा. ‘सोड’ आणि ‘सोडावंसं वाटतं का?’ यांच्यात केवढं अंतर आहे! ‘करावंसं वाटणं’, ‘बोलावंसं वाटणं’, ‘नकोसं होणं’ हे प्रयोग जणू याच कामासाठी घडले आहेत. मी लिहिलेल्यांपैकी मला सर्वांत आवडलेला संदेश हा: ‘आज एकदा तरी “नको” म्हणावंसं वाटलं का? कधी वाटलं?’ यात गांजाचं नावसुद्धा नाही. ते मुद्दाम. आपल्याकडे फोन घरभर फिरतो. धाकटी बहीण त्यावर व्हिडिओ बघते, आई त्यावरून मावशीला लावते. पडद्यावर कुणालाही दिसेल अशा ओळीत तो शब्द असता कामा नये.

एवढ्याशा ओळीने खरंच काही होतं का, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर मोबाइलच्या कितीतरी आधीचं आहे. 1969 पासून सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने एक प्रयोग केला. आत्महत्येच्या विचारांमुळे किंवा नैराश्यामुळे रुग्णालयात आलेले, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणारे 843 जण त्याने घेतले. त्यांतल्या निम्म्यांना नुसती छोटी पत्रं जात राहिली, पाच वर्षं, हळूहळू अंतर वाढवत. त्यात काय असायचं? तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर चार ओळी लिहा, एवढंच. अपेक्षा नाही, उपदेश नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमधल्या आत्महत्यांचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा कमी निघालं. हे वाचल्यापासून मी ‘नुसता मेसेज काय करणार’ असं म्हणणं सोडलंय.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता म्हणजे सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तिथला निवासी उपचार 35 दिवसांचा असतो, आणि माणूस घरी गेल्यावर चालणाऱ्या पाठपुराव्याला तिथे पहिल्यापासून मोठं स्थान आहे. कारण पस्तीस दिवस भिंतीच्या आत राहिलेला माणूस छत्तिसाव्या दिवशी आपल्याच कट्ट्यावरून घरी जात असतो.

गोव्यात 1996 पासून काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, दारू हानिकारक पातळीवर गेलेल्या पुरुषांशी बोलायला त्यांनी डॉक्टर बसवले नाहीत. साध्या, प्रशिक्षित माणसांनी एक ते चार बैठकी घेतल्या. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारवाल्यांपैकी 26 टक्के सुधारले होते, बैठकी मिळालेल्यांपैकी 36 टक्के. त्यानंतर त्याच संस्थेत डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी धोकादायक पातळीवर पिणाऱ्यांसाठी मोबाइलवरून द्यायची संक्षिप्त मदत बांधायला घेतली. विषय दारूचा आहे, गांजाचा नाही. पण परंड्याच्या मुलासाठी काही उभं करायचं तर पहिला धडा इथूनच घ्यावा लागेल. केंद्र सरकारनेही 2016 च्या जानेवारीत तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी एसएमएसची सेवा सुरू केली. तिचं दार म्हणजे एक मिस कॉल! पैसे न मोडता ‘मी इथे आहे’ असं सांगायची जी युक्ती आपल्या लोकांनी शोधून काढली, तिचा इतका चांगला उपयोग दुसरा मला माहीत नाही. लाखो लोकांनी नोंदणी केली.

गांजासाठी असं काही हवं, हे आकडेही सांगतात. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेला देशव्यापी पाहणी अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे 3 कोटी 10 लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता आणि सुमारे 72 लाखांना त्यापायी मदतीची गरज होती. एवढ्या लोकांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत, नजीकच्या काळात होणारही नाहीत. फोन मात्र आहेत.

आमच्याकडे नशेची बातमी छापून येते ती किलोंत. इतका गांजा पकडला, इतके आरोपी. 2025 मध्ये तुळजापूरच्या एमडी या अमली पदार्थाच्या प्रकरणाने धाराशिव जिल्हा हादरला, तेव्हाही सगळी चर्चा कोण सापडलं याचीच होती. ज्या मुलांना यातून सुटायचंय ती या गदारोळात आणखी दडून बसतात. त्यांना वाटतं, मदत मागितली की पोलीस येणार. गांजा ओढणं हा 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने गुन्हा आहेच, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण याच कायद्यात कलम 64अ आहे. सेवनासाठी किंवा थोड्या प्रमाणात माल जवळ सापडल्याबद्दल गुन्हा दाखल झालेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम परंड्याच्या एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरांत रंगवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

फोनला सगळं जमतं असं मी म्हणणार नाही. आतापर्यंतच्या अभ्यासांत अशा मदतीचा परिणाम दिसतो तो छोटाच. आणि काही गोष्टी फोनच्या हाताबाहेरच्या आहेत. युरोपातल्या अनेक शहरांत आणि ब्राझीलमध्ये झालेला, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला मार्टा डी फोर्टी यांचा अभ्यास सांगतो की रोज ओढणाऱ्यांत वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार होण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या तिप्पट, आणि माल जहाल असेल तर जवळजवळ पाचपट. मुलगा कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणाला, घरचेच आपल्यावर पाळत ठेवतात असं म्हणू लागला, तर मेसेजची वाट बघायची नाही. गाडी काढायची आणि त्याला दवाखान्यात न्यायचं.

बाकीच्यांसाठी आज, आत्ता, दोन नंबर आहेत. 14416 हा टेलिमानस, केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेली मनाच्या आरोग्याची सेवा. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही. 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. या नंबरांवर माणूस फोन उचलतो. पण तिथे मुलाला स्वतः फोन लावावा लागतो. सव्वादोनला आपणहून थरथरणारी, मराठीत ‘तू’ म्हणणारी सेवा उभी राहायला हवी, आणि ती उभी करण्याइतकी माणसं, भाषा आणि अनुभव आपल्याकडे आहे.

मुलगा गांजा ओढतो हे कळलं की घरचे पहिली गोष्ट करतात ती म्हणजे त्याचा फोन काढून घेतात. भीतीपोटी करतात, आणि ती भीती मला समजते. त्या फोनवर पुडी देणाऱ्याचा नंबर असतो हेही खरंच. तरी माझं ऐका. फोन त्याच्याकडेच राहू द्या. त्याच्याजवळ बसा, त्याच्यादेखत त्यात 14416 हा नंबर साठवा, आणि नावाच्या जागी काय लिहायचं ते त्याला ठरवू द्या.